राजाचा न संपलेला वीकेण्ड

शुक्रवारी संध्याकाळी कम्प्युटर शटडाऊन करायचा आणि कोकणात पळायचं, हा मुंबई-पुणेकरांचा फेव्हरिट उद्योग. पण बहुतेक गाड्या रत्नागिरीत चहापुरत्या थांबतात आणि थेट गणपतीपुळे गाठतात. यावेळी तसं करू नका. एक अख्खा दिवस शहरालाच द्या. आपण जिथे सुटका म्हणून जातो, तिथे एका राजाला कैदेत ठेवलं होतं, हे तुम्हाला ठाऊक आहे?

सकाळ : थिबा पॅलेस
ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा. १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि पुढच्याच वर्षी राजाला कुटुंबकबिल्यासह रत्नागिरीत आणून ठेवलं. तेव्हा त्याचं वय होतं अवघं २७. म्हणजे तुमच्या-आमच्याएवढंच! रेल्वे नाही, पावसाळ्यात समुद्र खवळलेला. अशा गावात कैद्याला वेगळ्या भिंती कशाला हव्यात?

चोवीस वर्षं बंगल्यात काढल्यावर, १९१० मध्ये त्याच्यासाठी हा राजवाडा बांधून झाला. लाल रंग, उतरती छपरं, अर्धगोल खिडक्या आणि समोर खाली पसरलेली भाट्याची खाडी. व्ह्यू एकदम झकास! पण तोच व्ह्यू रोज बघायचा आणि परत जायचं नाही, अशी कल्पना करून बघा. सहा वर्षांनी, डिसेंबर १९१६ मध्ये थिबा इथेच गेला. त्याची समाधीही रत्नागिरीतच आहे. २०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे अध्यक्ष थेन सेन मुद्दाम इथे येऊन गेले. राजाची एक नात मात्र पक्की रत्नागिरीकर झाली. मराठी बोलायची, संसारही इथलाच.

दुपार : टिळक आळी
आता गावात या. कौलारू छपराचं, अंगणाचं एक साधं घर. २३ जुलै १८५६ रोजी लोकमान्य टिळकांचा जन्म इथे झाला. आणि इथेच गंमत आहे. १९०८ मध्ये इंग्रजांनी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा देऊन पाठवलं कुठे, तर मंडालेला! म्हणजे काही वर्षं मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचे टिळक मंडालेच्या तुरुंगात. फरक एवढाच, की टिळक १९१४ मध्ये 'गीतारहस्य'चं हस्तलिखित मागे ठेवून सुटले. थिबा सुटलाच नाही.

जवळच पतितपावन मंदिर आहे. सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते. त्यांच्या पुढाकाराने आणि भागोजीशेठ कीर यांच्या पैशातून १९३१ मध्ये हे मंदिर उभं राहिलं, सगळ्या जातींसाठी खुलं. कैद्यांच्या गावात कुणाला तरी एक दार उघडावंसं वाटलं, हे मला फार आवडलं.

संध्याकाळ : रत्नदुर्ग
तीन बाजूंनी समुद्र, आत भगवतीचं देऊळ, शेजारच्या टेकाडावर दीपगृह. तटावरून एकीकडे मिरकरवाडा बंदरातल्या होड्या दिसतात आणि दुसरीकडे नुसतं पाणी. मग मांडवीच्या काळ्या वाळूत भेळ खात सूर्यास्त. कॅमेरा विसरू नका, पण थोडा वेळ तो बॅगेतच राहू द्या.

रविवारी आरे-वारेच्या वळणांवरून गणपतीपुळे कराच. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र, असा रस्ता पुन्हा लवकर मिळायचा नाही. पुढे मालगुंडला कवी केशवसुतांचं स्मारकही आहे.

परतीच्या गाडीत सोमवारची मीटिंग आठवेल, कपाळावर आठ्या येतील. तेव्हा थिबाला आठवा. आपल्या खिशात रिटर्न तिकीट आहे, बॉस. त्याच्याकडे तेवढंच नव्हतं.

ट्रॅव्हल फंडा
कसं जाल : मुंबईहून कोकण रेल्वेने, रात्रभरात पोचता येतं. स्टेशन गावाबाहेर आहे, रिक्षा मिळतात. रस्त्याने साधारण साडेतीनशे किलोमीटर.
कधी जाल : नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा छान. हापूससाठी मात्र एप्रिल-मेचा घाम गाळावाच लागेल.
काय खाल : सुरमई, सोलकढी, घावणे आणि उकडीचे मोदक. येताना आंबापोळी आणि फणसपोळी.
टिप : पॅलेसमध्ये म्युझियम आहे. सुट्टीचा वार आधी विचारून घ्या.