रॉबिनच्या पाठीवरचं पत्र

ऑक्टोबरमध्ये शेजारच्या आजींचं घर विकलं गेलं. आजी म्हणजे आमच्या लफबरोच्या गल्लीत भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या इंग्रज बाई, वय 86. माझ्या मुली लहानपणी त्यांना 'आजी' म्हणायला लागल्या आणि बाईंनी ते नाव बिनतक्रार घेतलं. मुलींच्या वाढदिवसाच्या कार्डावर त्या तशीच सही करतात, अर्थात रोमन लिपीत, आणि त्यातला एक 'ए' नेहमी कमी असतो. गुडघ्यांनी असहकार पुकारल्यावर त्यांनी स्वतःच केअर होम शोधलं. चार खोल्यांचं सामान एका खोलीत बसवायचं होतं.

आवराआवर करताना त्यांनी मला बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा दिला. आत जुनी ख्रिसमस कार्डं होती. काही साठ वर्षांची, काही त्यांच्याही आजीच्या काळातली, कडेला जाळीची नक्षी असलेली. "मुलींना कापाकापीला होतील," म्हणाल्या. मुली आता कापाकापीच्या वयाच्या राहिलेल्या नाहीत. मी मात्र डबा उघडताच ठरवलं की यांचं एक कोलाज करायचं, चौकटीत बसवायचं आणि ख्रिसमसला त्यांनाच द्यायचं. त्यांच्या नव्या खोलीत खिडकी आणि कपाटाच्या मधे रिकामी भिंत आहे. पुढच्या भेटीत मी गप्पा मारता मारता ती वितीने मोजून आले.

'व्हिंटेज ख्रिसमस' नावाचे तयार संच इथल्या दुकानांत नोव्हेंबरपासून मिळतात. त्यातल्या कागदावरचे पिवळे डागसुद्धा छापलेले असतात आणि प्रत्येक पानावर त्याच जागी असतात. ते मला नको होते. शिवाय मंडळाच्या गणपतीचं थर्माकोलचं मखर मी सलग आठ वर्षं कापलंय, तेव्हा कात्रीच्या बाबतीत मला थोडी घमेंडच आहे.

या कार्डांचा इतिहास तसा फार जुना नाही. 1840 मध्ये इंग्लंडात एका पेनीत पत्र जायला लागलं. तीनच वर्षांनी, 1843 साली, हेन्री कोल या गृहस्थांनी हॉर्सली नावाच्या चित्रकाराकडून पहिलं छापील ख्रिसमस कार्ड करून घेतलं. त्यातल्या चित्रात लहान मुलीच्या ओठाला वाइनचा पेला लावलेला दिसतो म्हणून दारूबंदीवाले चिडले होते म्हणे. कार्डांवर रॉबिन पक्षी का, याची गोष्ट मला आजींनीच सांगितली होती. तेव्हाचे पोस्टमन लाल कोट घालायचे, म्हणून लोक त्यांनाच रॉबिन म्हणायचे. पुढे रंगीत शिळाछाप आली आणि जर्मनीतून कापून तयार आलेली उठावाची चित्रं, देवदूत, मांजरं, फुलं, असं सगळं बायका-मुलं वह्यांत चिकटवू लागली.

हे वाचताना मला वाईच्या आमच्या घरातली लक्ष्मी आठवली. राजा रविवर्म्यांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला, तोही जर्मन यंत्रं आणि जर्मन तंत्रज्ञ आणून. त्या छापाच्या लक्ष्मीला माझ्या पणजीने खऱ्या जरीचं लुगडं नेसवलं होतं, दागिन्यांवर टिकल्या चिकटवल्या होत्या. चिकटवायला गव्हाच्या पिठाची खळ. झुरळांनी एक पदर खाल्ला होता, पण लक्ष्मी देखणीच होती.

तर कामाला लागले. चॅरिटी शॉपमधून तीन पौंडांना एक खोल चौकट आणली, काच शाबूत. तिथेच पियानोच्या जुन्या स्वरलिपीची पानं मिळाली. कडक चहा करून, गार करून, मोठ्या ताटात पानं बुडवली आणि मंद ओव्हनमध्ये वाळवली. घरभर टपरीचा वास. कडा कात्रीने न कापता पट्टी धरून फाडायच्या, म्हणजे आतला पांढरा तंतू दिसतो आणि जुनेपणा खरा वाटतो. सगळं आधी कोरडंच मांडून पाहायचं, फोटो काढून ठेवायचा आणि मगच डिंकाला हात लावायचा. डिंक पाण्याने थोडा पातळ केला होता. फुगे येऊ नयेत म्हणून वरून मेणकागद ठेवून मी चक्क पोळ्यांचं लाटणं फिरवलं.

मूळ कार्डं वापरायची नाहीत, घरच्या प्रिंटरवर प्रती काढायच्या, असं ठरलं होतं. पण इंकजेटची शाई डिंक लागताच पसरली. पहिल्याच रॉबिनची छाती ओघळून पायापर्यंत आली. रात्रीचे साडेअकरा वाजलेले, दुसऱ्या दिवशी ऑफिस. मी वैतागले, डब्यातून रॉबिनचं मूळ कार्ड काढलं आणि नखं कापायच्या छोट्या कात्रीने पक्षी सफाईने कापला. चोच, शेपूट, फांदीसकट. डिंक लावायला पालथा केला तर पाठीवर निळ्या शाईतलं बारीक अक्षर.

कार्डं आतून कोरी असतील, फार तर सही असेल, असं मी धरून चालले होते. हे एका आईने लग्न होऊन दूर गेलेल्या मुलीला लिहिलेलं पत्र होतं. तारीख होती डिसेंबर 1961. मजकुराच्या मधोमध मी पक्ष्याच्या आकाराचं भोक पाडलं होतं.

माझी आई गेली तेव्हा पुण्याचं घर मी नऊ दिवसांत रिकामं केलं. परतीचं तिकीट होतं. तिने जपून ठेवलेली आंतरदेशीय पत्रं, तिच्या बहिणींची, माझीही, मी रद्दीवाल्याला दिली. उघडून पाहिली नाहीत, कारण एक उघडलं असतं तर नऊ दिवसांत काहीच झालं नसतं. वजन करताना त्याने विचारलं होतं, "ताई, यात काही कामाचं नाही ना?" मी नाही म्हटलं.

कार्डाचा उरलेला भाग मी आधीच निळ्या डब्यात टाकला होता. बॅटरी घेऊन बाहेर गेले. थंडीत दुधाच्या रिकाम्या बाटल्या आणि खोकी उपसली तेव्हा तो सापडला, कोपरा ओला झालेला. टॉवेलमध्ये दाबून, जाड पुस्तकाखाली ठेवून झोपले. झोप अशी नव्हतीच.

शनिवारी वाचनालयातल्या लेझर यंत्रावर बाकीच्या कार्डांच्या प्रती काढल्या. ती शाई डिंकाने हलत नाही. रॉबिनचीही प्रत काढली आणि डावीकडे वर लावली. मधोमध मात्र खरं कार्ड ठेवलं, पालथं. पक्षी त्याच्या भोकात परत बसवला, अक्षराला अक्षर जुळवून. कापल्याची रेघ दिसते. ती झाकायला सोनेरी भुकटी टाकावी असं एकदा वाटलं, पण टाकली नाही. कडेला जुन्या नारायणपेठीची दोन बोटं जर लावली, एवढी चैन केली.

23 डिसेंबरला चौकट घेऊन गेले. आधी घडलं ते सांगितलं, मग कागद सोडला. आजींनी चष्मा बदलला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मी बोटं मोडत बसले.

"आई फार लिहायची," शेवटी म्हणाल्या. "तिकीट तेवढंच लागतं तर कागद कशाला वाया घालवायचा, म्हणायची." मग रेघेवरून बोट फिरवत त्यांनी मला ते पत्र वाचून दाखवलं. पुडिंग किती तास वाफवायचं, बाबांचा खोकला, शेजाऱ्यांचा कुत्रा. एका ठिकाणी अडल्या, कारण कात्रीने एक शब्द खाल्ला होता. "इथे 'ये' असणार," म्हणाल्या. "दर पत्रात असायचं. त्या वर्षी आम्ही गेलो नाही."

चौकट टांगायला केअर होमचा माणूस जानेवारीत येणार होता, कारण भिंतीला खिळा ठोकायची परवानगी लागते. तोवर ती खुर्चीवर टेकवली. निघताना त्यांनी विचारलं, "डबा आहे ना अजून तुझ्याकडे?"

आहे म्हटलं, सगळी कार्डं जशीच्या तशी आहेत.

"मग रविवारी घेऊन ये. आणि भिंगही आण. माझं कुठे गेलं कोण जाणे."