विंचवाचे बिऱ्हाड

बॅग लिटरवर मोजतात, हे मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कळले. लक्ष्मी रोडवरच्या दुकानातल्या मुलाने "सर, पस्तीस लिटर दाखवू की चाळीस?" असे विचारले, तेव्हा मी दूध घ्यायला आलो आहे असा तर याचा समज झाला नाही ना, असे क्षणभर वाटून गेले.

मला हवी होती विमानात पाठीवर नेता येईल अशी बॅग. २०२४ च्या फेब्रुवारीत दिल्लीला माझ्या दादाला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला. तेव्हापासून महिना-दीड महिन्याने मी दिल्लीला जातो. शुक्रवारचा शेवटचा तास आटोपून थेट लोहगाव विमानतळ, आणि सोमवारी पहाटे परत. एवढ्याशा मुक्कामात सामान विमानाच्या पोटात द्यायचे आणि उतरल्यावर त्या फिरत्या पट्ट्याशी ताटकळत उभे राहायचे, हे परवडत नाही.

आमच्या हिचे मत चाकांच्या पेटीच्या बाजूने होते. "तुमची कंबर काय विशीतली आहे?" हा एक मुद्दा, आणि "पाठीवरच्या पिशवीत चकल्यांचा भुगा होईल," हा दुसरा. दुसरा अधिक बिनतोड होता. पण मी घरातून ताणकाटा घेऊन गेलो होतो. (दुकानदार हसला, हसू दे बापडा!) ती टणक पेटी रिकामीच तीन किलोंच्या घरात भरली. आपल्याकडच्या बहुतेक विमानांत हातातल्या सामानाला मुभा सात किलोंची. म्हणजे सातातून तीन गेले. उरलेल्या चारात लॅपटॉप, त्याचा चार्जर, मुलांच्या निबंधांच्या वह्या आणि दोन दिवसांचे कपडे. चकल्यांना जागा उरतेच कुठे?

मग गिर्यारोहक भाच्याची शिफारस आली. त्याची आवडती बॅग वरून तोंड बांधायची, पोत्यासारखी. ती शिवरायांच्या गडांवर ठीक. विमानतळावर तपासणीच्या वेळी लॅपटॉप काढून ट्रेमध्ये ठेवायचा असतो. मागे रांग खोळंबली असताना पोत्याच्या तळाशी हात घालून तो शोधणाऱ्या प्राध्यापकाचे चित्र मला पाहवेना.

शेवटी तिसरी पसंत पडली. पुस्तकासारखी उघडते, लॅपटॉपचा कप्पा पाठीलगत, वजन बाराशे ग्रॅम. मुलगा म्हणत होता, "पंचेचाळीस लिटरची घ्या, सर." मी तिथेच हिशेब मांडला. विमानवाले ५५ गुणिले ३५ गुणिले २५ सेंटिमीटर मापाची बॅग चालवून घेतात. त्याचे होतात अठ्ठेचाळीस लिटर. कागदावर पंचेचाळीस बसतात. पण कापडी बॅगेला पोट सुटते, आणि पुढच्या खिशात एक जोडी चप्पल कोंबली की पंचवीस सेंटिमीटरची मर्यादा ओलांडलीच. शिवाय पंचेचाळीस लिटरची जागा सात किलोंत भरायची तर आत कापूसच भरावा लागेल. मी पस्तीस घेतली.

पण घेण्यापूर्वी आणखी एक परीक्षा घेतली. घरून 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे खंड नेले होते, ते आत भरले आणि दुकानात दहा मिनिटे फेऱ्या मारल्या. कमरेचा पट्टा आवळला की खांद्यांवरचा भार कमरेवर उतरतो, हे तेव्हा पटले. रिकामी बॅग पाठीला लावून आरशात बघणारी मंडळी पुढे पस्तावतात, असे माझे मत आहे.

चकल्यांसाठी हिने स्टीलचा डबा शोधला. मोबाईलची ती जादा बॅटरी मात्र वरच्या खिशात ठेवावी लागली. ती सामानाच्या कोठ्यात चालत नाही. आयत्या वेळी बॅग काढून घेतली, तर हाताशी हवी.

लहानपणी आम्ही झेलम एक्स्प्रेसने दिल्लीला मावशीकडे जात असू. ट्रंक, होल्डॉल, फिरकीचा तांब्या. हमाल करणे वडिलांना मंजूर नसे. बारा वर्षांनी थोरला असलेला दादा तो होल्डॉल उजव्या खांद्यावर घेई आणि डाव्या हाताने माझे मनगट धरी. माझ्या हातात फक्त तांब्या!

नव्या बॅगेनिशी मी प्रथम दिल्लीला पोचलो, तेव्हा विमानातून उतरल्यापासून तासाभरात दादाच्या दारात होतो. स्वारी खूष! वहिनींनी दार उघडले. दादा खुर्चीत होता. मी बॅग उतरवली, तिचे कप्पे उघडून दाखवले, वजन सांगितले, कमरेचा पट्टासुद्धा लावून दाखवला. त्याने डाव्या हाताने ती थोडी उचलून पाहिली. बोलायला त्याला अजून वेळ लागतो.

"हलकी आहे," तो म्हणाला. मग बराच वेळ थांबून, "म्हणजे... परवा जाणार?"

मी चकल्यांचा डबा उघडला. एकही मोडली नव्हती.

मे महिन्याच्या सुट्टीत मी माळ्यावरची मोठी बॅग काढली. ती पंधरा किलोंपर्यंत विमानाच्या पोटात फुकट जाते. दिल्लीला त्या पट्ट्याशी अर्धा तास उभा होतो.