मुरडीची चाके

अमेरिकेहून परतलेल्या माणसाला आपल्याकडे ठरावीक प्रश्न विचारले जातात. नायगारा पाहिला का? डिस्नेलँडला गेलात का? आणि तिकडे कांदे काय भावाने मिळतात? पहिल्या दोहोंची उत्तरे मला नकारार्थी द्यावी लागतात. कॅलिफोर्नियात राहून मी मनापासून पाहिले ते एका जुन्या मोटारीचे मागचे चाक. हे सांगितले की विचारणारा आमच्या सौ.कडे पाहतो, आणि सौ. खिडकीबाहेर पाहते.

त्याचे असे झाले. २०२३ च्या दिवाळीत आम्ही उभयता पोमोना या गावी माझ्या धाकट्या बहिणीकडे गेलो होतो. लॉस एंजेलिसच्या पूर्वेला तीसएक मैलांवरचे, डोंगरांच्या पायथ्याजवळचे हे गाव. ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळपासून आभाळ फाटल्यासारखे आवाज येऊ लागले. "इथेही फटाके उडवतात वाटतं!" सौ. म्हणाली. मेहुणे हसले. गावातल्या धावपट्टीवर ड्रॅग रेसिंगची, हंगामातली अखेरची स्पर्धा चालू होती. हा खेळ समजायला अगदी सोपा. दोन मोटारी शेजारी-शेजारी उभ्या करायच्या, हिरवा दिवा लागला की सुटायचे आणि सरळ रेषेत पाव मैल, म्हणजे सुमारे ४०० मीटर, गाठायचे. वळण नाही, चढउतार नाही. आपण 'शुभं करोति' म्हणायला जितका वेळ घेतो, तितक्यात सारा खेळ संपतो.

पण माझी गोष्ट धावपट्टीवरची नाही, बहिणीच्या शेजारची आहे. तिथे एक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ राहतात. माझी दहा वर्षांची भाची त्यांना 'मोटारवाले आजोबा' म्हणते, आणि ते त्या हाकेला 'ओ' देतात. त्यांच्याकडे १९३२ ची फोर्ड आहे, बिनटपाची. फोर्डने आठ सिलिंडरांचे व्ही-एट इंजिन पहिल्यांदा बसवले ते त्याच वर्षी. अशा जुन्या गाडीतले वजन कमी करून, इंजिन जोरकस करून जी गाडी तयार होते, तिला तिकडे 'हॉट रॉड' म्हणतात.

पहिल्याच भेटीत माझे लक्ष चाकांकडे गेले. पुढची अरुंद आणि लहान, मागची रुंद आणि उंच; त्यामुळे गाडी धावायच्या पवित्र्यात वाकल्यासारखी दिसे. मागच्या टायरांवर नेहमीची नक्षी नव्हतीच. गुळगुळीत पाठीवर दोनच बारीक खाचा. मात्र दोन्ही कडांना सारखे दाब दिल्यासारखी झालर होती. मी बहिणीला म्हटले, "अगं, ही तर करंजीची मुरड!" तिने भाषांतर केले. म्हातारबुवा खूश झाले. त्यांच्या भाषेतही या टायरांना पाय नावाच्या भरल्या पक्वान्नाच्या कडेवरूनच नाव पडलेले आहे.

दुसऱ्या दिवशी ते मला धावपट्टीच्याच आवारातील संग्रहालयात घेऊन गेले. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून कॅलिफोर्नियातील तरुण मुरॉक, एल मिराज अशा कोरड्या तळ्यांच्या सपाट तळावर गाड्या पळवीत. युद्धानंतर ते वेड गावच्या रस्त्यांवर उतरले आणि अपघात होऊ लागले. मग १९५० मध्ये सांता आना येथील विमानतळावर शर्यती भरू लागल्या, आणि १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी राष्ट्रीय संघटना स्थापन केली. खिशात पैसा नसलेली ही पोरे झिजलेल्या टायरांवर मऊ, सपाट रबर चढवून घेत. आपल्याकडे ट्रकचे टायर रिमोल्ड करतात तसेच. त्या साच्याच्या कडेचा ठसा म्हणजे ही मुरड. पुढे मॅसॅच्युसेट्समधील एम अँड एच कंपनीने मुद्दाम अशा शर्यतींसाठी टायर घडवले. आणि त्या दोन खाचा? त्या नियमाची समजूत घालण्यासाठी. खाच आहे म्हणजे रस्त्याचा टायर आहे, असे म्हणायला जागा राहते. त्या प्रकाराला तिकडे उघड उघड 'फसवा' म्हणतात.

"पण गुळगुळीत टायर घसरणार नाही का?" मी मास्तरी शंका काढली.

त्यांनी माझा तळहात कोरड्या टेबलावर दाबून ओढला. हात हलेना. मग टेबलावर पाणी सांडून म्हणाले, "आता ओढा." हात सुळकन सरकला. कोरड्या जमिनीवर मऊ, सपाट रबर जास्त चिकटते. ओल्या जमिनीवर मात्र पाण्याला बाहेर निघायला वाट हवी, आणि ती वाट म्हणजे टायरवरच्या खाचा. वाट नसेल तर चाक जमीन सोडून पाण्यावर तरंगते. मग ब्रेकही तुमचा नाही आणि सुकाणूही नाही.

परतीच्या वाटेवर त्या चाकांचा स्वभाव मला बसल्या जागी कळला. निघताना पहिले अर्धा मैल गाडी धप्-धप् करीत होती. आतले नायलॉनचे धागे थंडीत उभ्या उभ्या एका जागी चपटे होतात; चाक गरम झाले की पुन्हा गोल होतात. आजच्या टायरात धागे कडेपासून कडेपर्यंत सरळ जातात. याच्यात ते तिरपे, फुलीसारखे एकमेकांवर असतात, त्यामुळे रस्त्यावरची प्रत्येक लांबट चीर गाडीला आपल्याकडे ओढते. मऊ रबराला चिकटलेली खडी मडगार्डवर टणाटण वाजत होती. म्हातारबुवांचे दोन्ही हात चक्रावर घट्ट, आणि वेग पंचेचाळीस मैलांच्या आत. दोन पोरी दुसऱ्या गाडीतून हसत आम्हांला मागे टाकून गेल्या.

त्याच आठवड्यात मंडळाचा दिवाळी कार्यक्रम होता. भाचीला परकर-पोलके घालून याच गाडीतून न्यायचे वचन आजोबांनी महिनाभर आधी दिले होते. ती चार वाजल्यापासून गजरा माळून पायरीवर बसली. पाच वाजता पाऊस सुरू झाला. पाऊस कसला, पुण्यात त्याला कुणी छत्रीही उघडली नसती. म्हातारबुवा छत्री घेऊन आले आणि म्हणाले, "आज गाडी निघणार नाही."

भाची रडली. बहीण म्हणाली, "हळू न्या की! दोन मैल तर जायचंय." मीही भर घातली. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग सांगू लागले. वीस वर्षांपूर्वी असाच भुरभुर पाऊस होता. शेजारी त्यांचा मुलगा बसला होता. सिग्नलपाशी गाडी एक पूर्ण गिरकी घेऊन समोरून येणाऱ्या रहदारीकडे तोंड करून थांबली. कुणालाच काही झाले नाही. "मुलगा आज चाळीस वर्षांचा आहे," ते म्हणाले. "पुन्हा या गाडीत बसलेला नाही."

"मग टायर बदलत का नाही?" मी विचारले.

"गाडीचा चेहराच जाईल," ते म्हणाले. "हे टायर दहा-बारा सेकंदांच्या कामासाठी जन्मले. मी त्यांना वर्षभर वेगळ्याच कामाला लावतो. हौस माझी आहे, तेव्हा सांभाळणंही माझ्याकडेच. आणि तुमची मुलगी माझ्या हौसेचं भाडं भरणार नाही."

आम्ही मेहुण्यांच्या गाडीतून गेलो. म्हातारबुवाही मागच्या सीटवर, भाचीशेजारी बसून आले.

रविवारी ऊन पडले. रस्ता पार कोरडा झाल्याची त्यांनी स्वतः चालत जाऊन खात्री केली, भाचीला पट्टा बांधला आणि तिला गावभर मिरवून आणले. उतरल्यावर तिने डब्यातली करंजी त्या चाकाशी धरून दोन्ही मुरडी मोजायला घेतल्या.

पुण्यास परतल्यावर दुसऱ्याच दिवशी मी माझी स्कूटर अंगणात काढली. तिचे मागचे चाक दोन पावसाळे गुळगुळीत होते. ते शर्यतीचे मऊ रबर नव्हते. झिजून कडक आणि पातळ झालेले साधे टायर होते. त्यात हौस नव्हती, निव्वळ आळस आणि चिक्कूपणा होता. आणि त्याच स्कूटरवर मागे बसून सौ. दर गुरुवारी, भर पावसातसुद्धा, माझ्याबरोबर मंडईला येत असे.

नवे टायर बसवून आलो, तेव्हा सौ.ने विचारले, "आज काय विशेष?"

"काही नाही," मी म्हटले. "थोडं भाडं थकलं होतं."