दहा दिवसांची सेवा

छत्तीसगडमध्ये धानाची कापणी आटोपली आणि हवेत गारवा आला, की मिशन यात्रांचा हंगाम सुरू होतो. रायपूरच्या स्टेशनवर किंवा विमानतळावर एकसारखे टी-शर्ट घातलेली पंधरा-वीस तरुण मुले-मुली उतरतात. कुणी केरळातून आलेले असते, कुणी नागालँडमधून, कुणी पुण्या-मुंबईहून, तर कुणी परदेशातून. मिनीबस त्यांना एखाद्या खेड्यात नेते. दहा-बारा दिवस ही मुले तिथे राहतात, गावातल्या पोरांना गाणी शिकवतात, शाळेची भिंत रंगवतात, आजाऱ्यांसाठी प्रार्थना करतात, साक्ष देतात, म्हणजे आपल्या आयुष्यात प्रभूने काय केले ते चारचौघांत सांगतात, आणि परत जातात.

मी जन्माने ख्रिस्ती आहे. आजोबा मूळचे अहमदनगरकडचे. रेल्वेच्या नोकरीपायी रायपूरला आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, उपासनेत हिंदी आणि बाजारात छत्तीसगढी, अशा तीन भाषांत मी वाढले. त्यामुळे पत्रकारितेची पदविका घेऊन नोकरीला लागण्यापूर्वी अशा पथकांबरोबर दुभाषी म्हणून जाण्याचे काम आपोआपच माझ्याकडे येई.

त्या मुलांची थट्टा करावी असे मला कधीच वाटले नाही. सुट्टीत फिरायला जाण्याऐवजी कुणी पदरचे पैसे खर्चून अनोळखी लोकांमध्ये जात असेल, तर त्यात चांगुलपणा असतोच. माझ्यावरही त्या दिवसांचा परिणाम होई. खेड्यातल्या अंगणात कंदिलाच्या उजेडात केलेल्या प्रार्थनेला जी धार येई, ती रविवारच्या उपासनेत येत नसे. पण घरी परतल्यावर आठवडाभरात ती धार बोथट होई आणि मनात प्रश्न उभा राही. ही श्रद्धा होती, की प्रवासाची नशा?

‘फेर कब आहू?’

एका गावचे पथक मला चांगले आठवते. त्यांनी शाळेच्या दोन खोल्या रंगवायला घेतल्या. इथल्या बायका दिवाळीपूर्वी छुही मातीने घराच्या भिंती अशा सारवतात, की पाहत राहावे. त्या बायका पदर तोंडाला लावून पाहुण्यांची रंगरंगोटी बघत होत्या. गावात पुताईची कामे करणारा एकजण होता. तोही हात बांधून उभा होता. पाहुण्यांनी चार दिवस लावलेल्या कामाची त्याला दोन दिवसांची मजुरी मिळाली असती. पण तसे त्याला कुणी विचारलेच नाही.

निघण्याच्या दिवशी एका म्हाताऱ्या बाईंनी प्रत्येकाचा हात हातात घेऊन विचारले, ‘‘फेर कब आहू?’’ म्हणजे परत कधी याल? प्रत्येकाने सांगितले, ‘‘लवकरच.’’ मी ते उत्तर पंधरा वेळा छत्तीसगढीत सांगितले. पुढच्या वर्षी त्यांतले कुणीही आले नाही. वेगळे पथक आले, वेगळ्या गावात गेले.

गावातल्या छोट्या मंडळीचे पाळक मला एवढेच म्हणाले, ‘‘ये लोग चले जाते हैं दीदी, हमको तो यहीं रहना है।’’ त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पण ते वाक्य माझ्या मनात घर करून बसले.

जे राहिले त्यांची गोष्ट

छत्तीसगडमध्ये ख्रिस्ती श्रद्धा रुजली ती दहा दिवसांच्या पाहुण्यांमुळे नव्हे. ऑस्कर लोर हे जर्मन मिशनरी आधी रांचीकडे काम करत होते. 1857 च्या उठावानंतर ते अमेरिकेला गेले आणि 1868 मध्ये पुन्हा भारतात आले. नागपूरच्या पुढे तेव्हा रेल्वे नव्हती. रायपूरच्या उत्तरेला त्यांनी बिश्रामपूर वसवले, सतनामी समाजात काम सुरू केले आणि उरलेले आयुष्य याच मुलखाला दिले. 1897 च्या सुमारास बैतलपूरजवळ चांदखुरीला कुष्ठरोग्यांसाठी आश्रम उभा राहिला. 1899 मध्ये दुष्काळाच्या काळात अमेरिकन मेनोनाइट मिशन धमतरीला आले. त्या कामातून उभे राहिलेले रुग्णालय आजही चालू आहे.

अर्थात, राहणाऱ्यांचे सगळेच बरोबर होते असेही नाही. बिश्रामपुरात मिशनच गावाचे मालगुजार होते. जो प्रार्थना शिकवतो तोच जमिनीचा मालक असेल, तर माणूस मोकळेपणाने ‘हो’ म्हणतो, की गरज म्हणून, हे ओळखणे कठीण होते. 1954 मध्ये तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारने न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. 1956 मध्ये आलेल्या तिच्या अहवालाने मिशनच्या कामावर कठोर टीका केली. ख्रिस्ती संस्थांना तो अहवाल एकतर्फी वाटला. पण सेवा आणि सत्ता एकाच हातात असू नये, ही गोष्ट तो अहवाल बाजूला ठेवला तरी खरीच उरते.

थोडा वेळ येऊनही मोठे काम करता येते, याचे उदाहरणही इथलेच आहे. मुंगेलीच्या मिशन रुग्णालयात 1920 च्या दशकात डॉ. व्हिक्टर रॅम्बो हे अमेरिकन नेत्रशल्यविशारद आले. मोतीबिंदूने आंधळी झालेली माणसे रुग्णालयापर्यंत पोहोचत नाहीत हे पाहून त्यांनी शिबिरे घेऊन खेड्यांकडे मोर्चा वळवला. शिबिर काही दिवसांचे असे. मात्र त्याच्या मागे कायमचे रुग्णालय होते आणि डॉक्टरांच्या हातात असे कसब होते, जे त्या गावात कुणाकडेच नव्हते. भिंत रंगवणे आणि डोळ्यांवर शस्त्रक्रिया करणे यांतला फरक इथेच आहे.

आगगाडीतली भेट

इथे कुणी मला अडवील. एका भेटीतही माणसाचे आयुष्य बदलू शकते, त्याचे काय? मराठी वाचकाला तर अशी एक भेट ठाऊकच आहे, आणि ती आमच्या रायपूरच्याच रेल्वेमार्गावरची आहे. 1890 च्या दशकाच्या सुरुवातीला कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला नोकरीसाठी निघाले होते. डब्यात एक गोरा सहप्रवासी होता. तो अर्नेस्ट वॉर्ड नावाचा मिशनरी असल्याचे सांगितले जाते. दोघांच्या गप्पा कवितेवरून सुरू झाल्या आणि धर्माकडे वळल्या. उतरताना त्याने टिळकांना नव्या कराराची प्रत दिली. टिळकांनी ती वाचण्याचे वचन दिले आणि पाळले. डोंगरावरील प्रवचनाने त्यांना पकडले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

भेट काही तासांची होती. पण त्या सहप्रवाशाने काय केले ते पाहा. त्याने टिळकांना बरोबरीचा माणूस मानले, त्यांचे ऐकून घेतले आणि पुस्तक देऊन निर्णय त्यांच्यावर सोडला. त्याने आमिष दाखवले नाही, की घाई केली नाही.

आता त्या भेटीची किंमत कुणी मोजली तेही पाहिले पाहिजे. ती मोजली लक्ष्मीबाईंनी. त्यांनी स्वतः 1900 मध्ये बाप्तिस्मा घेतला. मधल्या पाच वर्षांतला बराच काळ ताटातुटीचा, नातलगांच्या अश्रूंचा आणि लोकांच्या बोलण्याचा होता. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना आपण हसतो, पण त्या हसण्याखाली हे दुःख आहे. पुढे टिळकांनीही मिशनच्या पगाराची नोकरी सोडली आणि 1917 मध्ये ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ख्रिस्ताची भक्ती इथल्या मातीतल्या पद्धतीने व्हावी, ही त्यांची तळमळ होती.

बाहेरून येणाऱ्याचा शब्द किती हलका असतो आणि घरात राहणाऱ्यावर त्याचा किती भार पडतो, हे मला त्या संसारावरून कळले.

भार कुणावर?

आज हा भार आणखी वाढला आहे. डिसेंबर 2022 मध्ये नारायणपूर आणि कोंडागाव जिल्ह्यांतल्या अनेक ख्रिस्ती आदिवासी कुटुंबांना गाव सोडून ऐन थंडीत बाहेर आसरा घ्यावा लागला. 2 जानेवारी 2023 रोजी नारायणपुरात जमावाने चर्चची मोडतोड केली. त्यात पोलीस अधीक्षकही जखमी झाले. या तणावामागे जमीन, रूढी, दफनाची जागा, राजकारण अशी अनेक कारणे आहेत. ते सगळे पाहुण्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पण अशा वातावरणात दहा दिवसांसाठी आलेल्या मुलाने उत्साहात उच्चारलेले एक वाक्य किंवा काढलेला एक फोटो गावातल्या ख्रिस्ती कुटुंबाला महाग पडू शकतो. पाहुण्याच्या हातात परतीचे तिकीट असते. गावातल्या माणसाला त्याच विहिरीवर, त्याच रेशन दुकानात, त्याच शेजाऱ्यांपुढे उभे राहायचे असते.

परदेशी पाहुण्यांच्या बाबतीत कायद्याचाही प्रश्न आहे. पर्यटक म्हणून व्हिसा घेऊन आलेल्याला इथे धर्मप्रचार करता येत नाही. शिवाय 1968 पासून तेव्हाच्या मध्य प्रदेशात धर्मांतरासंबंधी कायदा होता आणि 2000 साली छत्तीसगड वेगळे झाले तेव्हा तो इथेही आला. चौकशी झाली, तर ती पाहुणा गेल्यानंतर त्याच्या यजमानाची होते.

पुण्याला असलेला माझा मावसभाऊ इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याला अशाच एका पथकातून छत्तीसगडला यायचे आहे. मावशी फोनवर म्हणाली, ‘‘तू तिथे राहतेस, तूच समजाव बाई त्याला.’’ आणि तो म्हणाला, ‘‘ताई, तू तरी नको म्हणू नकोस. मला देवासाठी काहीतरी करायचंय.’’

मी त्याला नको म्हटले नाही. होंडुरासमधली एक गोष्ट सांगितली. 1998 मध्ये तिथे ‘मिच’ चक्रीवादळाने हजारो घरे पडली. अमेरिकेतल्या चर्चमधून तरुणांची पथके घरे बांधायला गेली. कर्ट व्हेर बीक या अभ्यासकाने नंतर हिशेब मांडला, तेव्हा प्रवासखर्चासह पाहुण्यांच्या एका घराला सुमारे 30,000 डॉलर लागले होते. स्थानिक संस्था तसेच घर सुमारे 2,000 डॉलरमध्ये बांधत होती. पाहुण्यांचे आयुष्य तरी बदलले असेल म्हणावे, तर परतल्यावर त्यांच्या दानधर्मात किंवा प्रार्थनेत फारसा टिकाऊ फरकही आढळला नाही.

‘‘मग जाऊच नये का?’’ त्याने विचारले.

मी त्याला चार प्रश्न दिले. तुम्हाला बोलावले कुणी, गावाने की तुमच्याच आयोजकाने? तुम्ही जे काम करणार, ते गावातल्या कुणाची मजुरी बुडवून तर करणार नाही? तुम्ही गेल्यावर ते काम कोण पुढे नेणार? आणि ज्यांचे फोटो काढणार, त्यांना तुमच्या आईच्या फोटोइतका मान देणार का? या चारांची उत्तरे मिळाली तर अवश्य ये, आणि शिकवण्यापेक्षा शिकण्याच्या तयारीने ये. बाबा आमटे यांनी सोमनाथला सुरू केलेल्या श्रमसंस्कार छावणीत महाराष्ट्रातली हजारो मुले थोड्या दिवसांसाठी जाऊन आली. त्या मुलांनी कुणाचा उद्धार केला असे कुणी म्हणत नाही. घाम गाळल्यावर त्यांचीच दृष्टी बदलली, आणि त्यांच्या मागे कायम राहणारी माणसे होती.

तो काय ठरवतो ते त्याचे तो पाहील. माझ्यापुरते मी ठरवले आहे. पथकांबरोबर मी आता जात नाही. एका गावाशी मात्र संबंध ठेवला आहे. वर्षातून चार वेळा जाते, आयुष्मान कार्डाचे, पेन्शनचे अर्ज भरून देते, कुणाला रायपूरच्या मोठ्या दवाखान्यात यायचे असेल तर सोबत करते. त्यात ख्रिस्ती घरे आहेत, तशी सतनामी आणि इतरही आहेत. धर्माविषयी कुणी विचारले तर सांगते, नाही विचारले तर अर्ज भरते. कंदिलाच्या उजेडातली ती धार या कामात नाही. कधीकधी कंटाळाही येतो. पण आपल्या श्रद्धेचे वजन अशा कंटाळवाण्या दिवशीच कळते, असा माझा अनुभव आहे.

आपल्या घरातला मुलगा किंवा मुलगी, कोणत्याही धर्माची असो, सेवेसाठी कुठे जायचे म्हणू लागली तर तिचा उत्साह मोडू नका. फक्त तिला विचारा, परत कधी जाणार? त्याचे उत्तर तिच्याकडे असेल, तर तिला खुशाल जाऊ द्या.