ठिणगी कधी पडावी

पनवेलला जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला आमचे छोटे गॅरेज आहे. अब्बांनी ते सुरू केले, आता आम्ही दोघे भाऊ चालवतो. मागच्या वर्षी, रमजानच्या थोडे आधी, इशाची नमाज पढून आम्ही जेवायला बसलो होतो. तेवढ्यात शारजाहहून फोन आला. थोरल्याचा मुलगा तिथे एका गॅरेजमध्ये कामाला आहे.

“चाचा, एक चूक झाली. अब्बांना आत्ता सांगू नका,” तो म्हणाला.

फोन स्पीकरवर होता आणि त्याचे अब्बा समोरच बसले होते. दोघांनीही ऐकले.

त्याचे काम आमच्यापेक्षा वेगळे. तिकडे हौशी लोकांकडे माझदा कंपनीच्या जुन्या आरएक्स-७ गाड्या आहेत. त्यांत पिस्टन नसतो. फेलिक्स वांकेल या जर्मन माणसाच्या कल्पनेतून आलेले ते रोटरी इंजिन, त्याचा पहिला नमुना 1957 साली चालला. पिस्टनच्या जागी फुगीर बाजूंचा तिकोनी रोटर फिरतो. त्याच्या तिन्ही टोकांना पातळ पट्ट्या असतात, नंतरच्या इंजिनांत जेमतेम दोन मिलिमीटर जाडीच्या. टोकांशी दाब त्या पट्ट्या धरून ठेवतात. जळण्याची जागा लांबट, म्हणून एका रोटरला दोन प्लग. एक आधी पेटतो, दुसरा किंचित मागून.

पण मूळ गोष्ट तीच, जी अब्बांनी आम्हाला पद्मिनीवर शिकवली. इंधन पेटायला वेळ लागतो, म्हणून दाब हवा त्या क्षणाच्या थोडी आधी ठिणगी पडायला हवी. तीन हजार फेऱ्यांवर इंजिन सेकंदाला पन्नास वेळा फिरते. म्हणजे एक अंशाचा फरक हा सेकंदाच्या अठरा हजाराव्या भागाचा. ठिणगी उशिरा पडली तर गाडी ओढत नाही आणि तापते. फार लवकर पडली तर आतून टकटक ऐकू येते. ते नॉकिंग. पिस्टनचे इंजिन ही टकटक काही काळ सोसते. रोटरीत मात्र जोराचे दोन-चार ठोके पट्टी मोडायला पुरतात.

मुलाच्या गिऱ्हाइकाने मोठा टर्बो बसवून घेतला होता. टर्बो जास्त हवा कोंबतो, दाब वाढतो, तेव्हा ठिणगी मागे घ्यावी लागते. गिऱ्हाईक म्हणाले, अजून ओढ हवी. मुलाने लॅपटॉपवर ठिणगी तीन अंश लवकर केली. पहाटेच्या गार हवेत गाडी पळाली, गिऱ्हाईक खूश झाले. दुसऱ्या दिवशी भर दुपारी हायवेवर एका रोटरची पट्टी तुटली.

“गिऱ्हाईक म्हणतंय पेट्रोल खराब होतं. सेठलाही तसंच वाटतंय. मी जुने आकडे परत टाकले तर कुणाला कळणार नाही. काय करू?”

खरे सांगतो, आम्ही लगेच उत्तर दिले नाही. घराच्या वरच्या मजल्याचा स्लॅब त्याच्या पगारावर पडायचा होता. नोकरी गेली तर व्हिसाही जाणार. थोरले हळूच म्हणाले, “गप्प राहा म्हणावं.” धाकट्यानेही मान हलवली.

तेव्हा मुलानेच विचारले, “दादाअब्बांच्या त्या टॅक्सीचं काय झालं होतं?”

ती 2002 सालची गोष्ट. त्याच वर्षी एक्सप्रेसवे पूर्ण खुला झाला आणि आमच्या रस्त्यावरची घाटाची गिऱ्हाइके आटली. मुंबईत टॅक्सींना सीएनजीची किट लागत होती. एक टॅक्सीवाला गॅसवर चालणारी पद्मिनी घेऊन आला, ओढत नाही म्हणाला. गॅस पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो, म्हणून ठिणगी लवकर लागते. अब्बांनी बल्बची एक तार पॉइंटला लावली, दुसरी बॉडीला, आणि डेल्को हळूहळू फिरवला. पॉइंट उघडला की बल्ब लागतो, तीच ठिणगीची वेळ. गॅससाठी टायमिंग बरोबर लागले. फक्त एक सांगायचे राहिले, की या टायमिंगवर पेट्रोलने घाट चढू नकोस.

दोन दिवसांनी वाटेत त्याचा गॅस संपला. पेट्रोलवर, पाच सवाऱ्या घेऊन तो खंडाळ्याचा घाट चढला. वरपर्यंत टकटक होत राहिली आणि पिस्टनला भोक पडले. गाडी टोचन करून आणली तेव्हा तोही पेट्रोललाच शिव्या देत होता. अब्बांनी त्याला बसवले, चहा दिला आणि सांगितले, “पेट्रोल नाही, चूक माझी.”

अम्मीने शिलाई मशीनसाठी जमवलेले पैसे त्या पिस्टनमध्ये गेले. टॅक्सीवाल्याने आभार मानले नाहीत. उलट नाक्यावर सांगत फिरला, की याने माझे इंजिन फोडले. आम्ही अब्बांवर चिडलो. पेट्रोलवर ढकलले असते तर काय बिघडले असते? अब्बा एवढेच म्हणाले, “गाडी त्याची, पण माझ्या हवाली केली होती. ती अमानत.”

हे सगळे त्याच्याच बापाने, थोरल्यांनी, फोनवर सांगितले. शेवटी म्हणाले, “आकडे बदलू नको. सकाळी सेठला दाखव.”

सेठ खूप ओरडला. कामावरून काढले नाही, पण सहा महिने पगारातून पैसे कापले. गिऱ्हाइकाने गाडी दुसरीकडे नेली. आमचा स्लॅब पडला नाही. पावसाआधी वर पत्रे टाकले आणि सळया अजून तशाच उभ्या आहेत. अम्मी रोज त्यांच्याकडे बघते, बोलत काही नाही. आता मुलगा ठिणगी दोन अंश मागेच ठेवतो आणि बिलावर आकडा लिहून देतो. गिऱ्हाईक कमी ओढीची तक्रार करते, तेव्हा तो ऐकून घेतो.

ज्या वाचकांच्या घरी पॉइंटवर चालणारी जुनी गाडी आहे आणि तिला गॅसची किट आहे, त्यांना एक विनंती. मेकॅनिकला विचारा, टायमिंग गॅसवर लावले की पेट्रोलवर? घाटात टकटक ऐकू आली तर पाय लगेच उचला. आणि मेकॅनिकने आपणहून स्वतःची चूक सांगितली, तर त्याच्यावर रागवा, पण त्याला सोडून जाऊ नका.