आकृतीतली कोरी जागा

बारा सारख्या तारांचा एक घन. प्रत्येक तारेचा रेझिस्टन्स १ ओहम. एका कोपऱ्यातून करंट आत सोडायचा आणि समोरच्या, सर्वांत लांबच्या कोपऱ्यातून बाहेर काढायचा. तर घनाचा एकूण रेझिस्टन्स किती? बी.एस्सी.च्या वर्गात हे गणित फळ्यावर आले की माना लगेच वहीत जातात. बारा तारांच्या बारा करंटना नावे पडतात आणि पान समीकरणांनी भरते. त्या वाटेनेही उत्तर येते, पण घन मात्र न भेटताच निघून जातो.

पेन खाली ठेवून घनाकडे नुसते पाहत बसावे. आत शिरलेल्या करंटपुढे तीन तारा आहेत आणि तिघींत उजवे-डावे करायला काहीच कारण नाही. म्हणून प्रत्येकीच्या वाट्याला तिसरा हिस्सा. पुढच्या टोकाला दोन-दोन वाटा, त्याही हुबेहूब सारख्या, म्हणून सहावा हिस्सा. शेवटी दोन-दोन धारा एकत्र येऊन पुन्हा तिसरा. कुठल्याही वाटेने चालत जा आणि व्होल्टेज मोजत जा: एक तृतीयांश, एक षष्ठांश, एक तृतीयांश. बेरीज पाच षष्ठांश ओहम. समीकरणांची जुडी सोडवावीच लागली नाही. सारख्यांना सारखेच मिळणार, एवढे मान्य केले आणि बाकी सगळे घनाने स्वतःच सांगितले.

विजेची गणिते मला आवडू लागली ती या पाहत बसण्यामुळे.

सगळीच सर्किटे अशी सुबक नसतात. वेडीवाकडी जाळी समोर आली की किर्खहॉफचे दोन नियम हाताशी घ्यावे लागतात: नोडपाशी जेवढा करंट येतो तेवढाच जातो, आणि लूपभोवती एक फेरी मारून आले की व्होल्टेजची बेरीज शून्य भरते. हे नियम त्यांनी १८४५ साली मांडले तेव्हा ते कोनिग्सबर्गला विद्यार्थी होते, वय २१. त्याच शहरातल्या सात पुलांचे कोडे ऑयलरने १७३६ साली सोडवले होते. पूल कसे आहेत, केवढे आहेत हे सोडून फक्त कोण कुणाला जोडले आहे तेवढेच बघायचे, ही त्याची युक्ती. आणि १८४७ साली किर्खहॉफनी सर्किटातले स्वतंत्र लूप मोजले तेही जोडण्यांचाच विचार करून. एकाच गावाशी नाते असलेल्या दोघांना शंभर वर्षांच्या अंतराने एकाच तऱ्हेने पाहावेसे वाटले, याचे मला फार अप्रूप आहे.

या नियमांची एक गोष्ट तर मनाला फार भावते. करंट कुठल्या दिशेने वाहतो हे सुरुवातीला माहीत नसते, तेव्हा मनाला येईल तो बाण काढायचा. अंदाज उलटा असला तरी गणित कोलमडत नाही, उत्तरापुढे उणे चिन्ह येते, इतकेच. आकडा बरोबरच असतो.

रशियन पुस्तकांवर वाढलेल्या पिढीला इरोडॉव्हचे नाव घेतले तरी पुरे. त्यांच्या भौतिकशास्त्रातल्या गणितांच्या संग्रहात एक अनंत शिडी आहे: आडवा ४ ओहम, उभा ३ ओहम, पुन्हा आडवा, पुन्हा उभा, अशी न संपणारी. अनंत रेझिस्टन्सची बेरीज करायची कशी? करायचीच नाही. शिडीचे पहिले घर झाकले तर उरलेली शिडी आधीच्या शिडीसारखीच दिसते, कारण अनंतातून एक घर गेल्याने काही कमी होत नाही. म्हणजे अख्ख्या शिडीचे जे उत्तर, तेच उरलेल्या शिडीचे. मग एक साधे वर्गसमीकरण उरते आणि उत्तर येते ६ ओहम. पडताळा तोंडी घेता येतो: ६ आणि ३ समांतर म्हणजे २, त्यात ४ मिळवले की पुन्हा ६.

मग येते दोन कपॅसिटरचे गणित, आणि इथे थांबावेच लागते. एक कपॅसिटर चार्ज केलेला, दुसरा तसाच, पण रिकामा. दोघांना तारेने जोडले. चार्ज निम्मा-निम्मा वाटला गेला, व्होल्टेज निम्मे झाले. ऊर्जा मात्र प्रत्येकाकडे पूर्वीच्या ऊर्जेचा चौथा हिस्सा, म्हणजे दोघांची मिळून निम्मीच. उरलेली निम्मी गेली कुठे? तारेच्या रेझिस्टन्समध्ये तापून गेली, हे पहिले उत्तर, आणि ते खरे आहे. रेझिस्टन्स कमी घ्या किंवा जास्त, उष्णता बरोबर निम्म्या ऊर्जेइतकीच येते. पण रेझिस्टन्स अगदी शून्यच धरला तर? तेव्हा वही हट्ट धरते की निम्मी ऊर्जा हरवली, आणि आकृतीत तर हरवायला जागाच दिसत नाही.

जागा असते, आपण ती काढलेली नसते. तारेचा तो फेरा स्वतःच एक लूप आहे आणि त्याला इंडक्टन्स आहे. मग चार्ज या कपॅसिटरमधून त्या कपॅसिटरमध्ये हेलकावे खात राहतो आणि हेलकावणारा चार्ज विद्युतचुंबकीय लहरी बाहेर फेकतो. ऊर्जा कागदावरच्या दोन रेघांच्या मधून, कोऱ्या जागेतून निघून जाते.

सर्किट काढताना आपण रेघांना मान देतो आणि मधल्या पांढऱ्या जागेकडे पाहतही नाही. विद्युतचुंबकत्व शिकताना ही नजर हळूहळू उलटी होते. तांब्याच्या १ चौरस मिलिमीटर काटछेदाच्या तारेतून १ अँपिअर करंट वाहत असताना इलेक्ट्रॉन सेकंदाला सुमारे ०.०७ मिलिमीटर सरकतात, तासाभरात जेमतेम वीतभर. बटण दाबताच दिवा लागतो, तो काही त्यांच्या पायी चालण्याने नव्हे. मग ऊर्जा येते कुठून?

पॉइंटिंगनी १८८४ साली याचे उत्तर दिले, आणि ते प्रत्येकाने एकदा तरी स्वतःच्या हाताने काढून पाहावे. एक सरळ तार घ्या. तिच्या पृष्ठभागावर विद्युत क्षेत्र लांबीच्या दिशेने आहे: व्होल्टेज भागिले लांबी. चुंबकीय क्षेत्र तारेला वेढून आहे: करंट भागिले परीघ. उजव्या हाताची बोटे पहिल्याकडून दुसऱ्याकडे वळवली की अंगठा तारेच्या आत रोखला जातो. ऊर्जा तारेच्या टोकातून शिरत नाही, ती चहूबाजूंनी, बाहेरच्या अवकाशातून आत येते. किती येते? दोन क्षेत्रांच्या गुणाकाराला पृष्ठभागाच्या क्षेत्रफळाने गुणा. लांबी खोडली जाते, परीघ खोडला जातो आणि व्होल्टेज गुणिले करंट एवढेच उरते, शाळेपासून पाठ असलेले. तेच सूत्र, पण आता ते तारेच्या बाहेरून चालत आलेले असते.

हे एकदा पटले की फाइनमन यांच्या व्याख्यानांतली चकती घ्यावी. प्लास्टिकची चकती, मोकळी फिरू शकणारी. मध्ये करंट वाहणारे वेटोळे, कडेला चार्ज दिलेल्या धातूच्या गोळ्या. सगळे स्थिर. वेटोळ्यातला करंट थांबला तर चकती फिरेल का? फॅरेडे म्हणतो, फिरेल, कारण चुंबकीय क्षेत्र बदलले की गोळ्यांना ढकलणारे विद्युत क्षेत्र निर्माण होते. कोनीय संवेगाचा नियम म्हणतो, आधी काहीच फिरत नव्हते, तर आता कसे फिरेल? फाइनमन दोन्ही बाजू मांडतात आणि वाचकाला तिथेच सोडून देतात. उत्तर दहा प्रकरणांनंतर येते, आणि ती मधली प्रकरणे उडवून उत्तराच्या पानावर जाऊ नये असे मला मनापासून वाटते. चकती फिरते. कोनीय संवेग आधीपासूनच होता, चकतीत नव्हे, तिच्या भोवतीच्या क्षेत्रात. पॉइंटिंगच्या सूत्राने त्याचा हिशेब केला, तर स्थिर चकतीभोवतीही ऊर्जा गोल फिरत असलेली सापडते, आणि करंट थांबल्यावर चकतीला तेवढाच कोनीय संवेग मिळतो.