कच्च्या मातीचे बैल

इंडोनेशियात पैसे साठवायच्या गल्ल्याला ‘चेलेंगान’ म्हणतात. ‘चेलेंग’ म्हणजे रानडुक्कर. पूर्व जावातल्या त्रोवुलानला, मजापहित साम्राज्याच्या जुन्या राजधानीच्या जागी, १४व्या-१५व्या शतकातले भाजक्या मातीचे डुकराच्या आकाराचे गल्ले सापडले. गरगरीत पोट, पाठीवर नाणं टाकायची फट. पैसे हवे असतील तर फोडणं आलं, म्हणून अखंड उरलेले थोडे. जाकार्ताच्या राष्ट्रीय संग्रहालयातलं प्रसिद्ध डुक्कर तुकडे जोडून उभं केलंय. फोटोत सांधे दिसतात, आणि मला सगळ्यात आवडले ते सांधेच.

आमच्या कोल्हापुरात मातीचं जनावर म्हणजे बेंदराचा बैल. आषाढात कुंभार गल्लीत जोड्या मांडलेल्या असतात. घरी आणायच्या, पाटावर पूजायच्या, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवायचा. पण हा बैल कच्चा. साधारण ६०० अंशांच्या पुढे मातीत बांधलेलं पाणी निघून जातं आणि ती पुन्हा चिखल होत नाही. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ साली सांकलिया आणि दीक्षित यांनी खणलं, तेव्हा सातवाहन काळातली खापरं हाताला लागली ती एवढ्याचसाठी. त्याच टेकडीवर मिळालेला काशाचा पॉसिडॉन टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे. पाहुण्यांना आपण तोच दाखवतो. दोन हजार वर्षांपूर्वी पंचगंगेकाठी कुणी कच्चे बैल केले असतील, तर त्यांचा पुरावा मिळायचा नाही.

आमची खरी जोडी आजोबांनी मी इंजिनिअरिंगला गेलो त्या वर्षी विकली. गोठ्यात आता माझी बाईक असते. त्यामुळे बेंदराला घरात बैल येतात ते मातीचेच, आणि निदान एक जोडी टिकावी असं मला फार वाटत होतं. (बॅकअप घ्यायची सवय, दुसरं काय!) गेल्या वर्षी कुंभारमामांना विचारलं, एक जोडी भाजून द्याल का?

“भरीव हाय त्यो. आव्यात घातला की फुटतोय बघा.”

पोकळ करून देतो म्हणाले, पण मग तो बेंदराचा नव्हे, शोकेसचा. आज्जीला विचारलं तर तिनं भाजलेला बैल पाटावर घ्यायला साफ नकार दिला.

सण झाला की ती जोडी तुळशीच्या बुडाशी ठेवते. पाऊस असतोच. आधी शिंगं जातात, मग वशिंड. यंदा पाठीवरचा हिंगूळ चार दिवस तुळशीच्या मातीवर दिसत होता.